गेम मास्टरचा निर्णय: कधी द्यायचा, कसा द्यायचा, कुठे थांबायचं

इंदूरच्या आमच्या दुकानातून टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांचे संच विकत किंवा भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी

तुमच्या पेटीत सात फासे आहेत: डी४, डी६, डी८, डी१२, डी२० आणि दोन डी१० (डी२० म्हणजे वीस बाजूंचा फासा, बाकीचे तसेच). या दोन डी१०पैकी एकावर दहा-दहाचे आकडे आहेत. सोबत नियमांचं पुस्तक आणि पुठ्ठ्याचा घडीचा पडदा. पडदा ज्याच्यासमोर उभा राहतो तो गेम मास्टर, बोलण्यातला जीएम; बाकीचे खेळाडू कथेतलं एकेक पात्र चालवतात. सुरुवातीला चार-पाच खेळाडू आणि एक जीएम एवढेच बसा. आठ जण झाले की लढाईत आपली पाळी येईपर्यंत इतका वेळ जातो की लोक मोबाइल काढून बसतात. त्यापेक्षा दोन टेबलं मांडा.

फासे कसे टाकायचे हे पुस्तकात नीट दिलेलं आहे. वाद होतात ते दुसऱ्याच गोष्टीवरून: निकाल कोण देणार, आणि त्याचा अधिकार कुठवर. हे पत्रक तेवढ्यासाठी आहे.

जीएम मुळात पंच आहे

प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली अधिकाऱ्यांच्या सरावासाठी नकाशावरचा एक युद्धखेळ सुरू झाला. राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने तो बसवला होता आणि त्यात दोन्ही बाजूंना निकाल सांगणारा पंच होता. पण तक्ते आणि फासे पाहण्यातच वेळ जायचा. १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ याने तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवण्याची पद्धत मांडली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला, तोही युद्धखेळ खेळणाऱ्यांच्या टेबलावरूनच. नियम किती आणि पंचाची समज किती, हा प्रश्न तेव्हापासून या खेळांबरोबर चालत आलेला आहे.

राक्षसांचे फासे जीएम टाकतो म्हणून नवख्या टेबलावर तो विरुद्ध बाजूचा वाटू लागतो. तसं नाही. जग कसं आहे ते सांगणं, त्या जगातल्या इतर सगळ्यांच्या तोंडून बोलणं आणि शंका आली की निकाल देणं, ही त्याची कामं. खेळाडूच्या पात्राला काय वाटतं आणि ते काय करतं, हे मात्र खेळाडूच ठरवणार. ‘तुला भीती वाटते’ असं जीएमने म्हणू नये. ‘जिन्यावरचा दिवा विझला आणि खालून कुणीतरी तुझं नाव घेतलं’ असं सांगून थांबावं. भीतीचा मंत्र किंवा तसा नियम लागू झाला असेल तेवढाच अपवाद.

फासा टाकण्याआधी बोला

या पत्रकातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. गाठायचा आकडा आणि हुकल्यास काय होईल, हे दोन्ही फासा हातातून सुटण्याआधी टेबलाला कळलं पाहिजे.

समजा, खेळाडू म्हणते, ‘मी पलीकडच्या गच्चीवर उडी मारते.’ जीएमने डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, सांगून म्हणावं, ‘अंतर बरंच आहे, डीसी १५. चुकलीस तर खालच्या ताडपत्रीवर पडशील, लागेल आणि पहारेकरी जागे होतील. मारतेस?’ आता ती विचार बदलू शकते, दोर मागू शकते, मैत्रिणीची मदत घेऊ शकते. फासा पडल्यावर आकडा सांगितला तर जीएमने तो निकाल पाहून ठरवला अशी शंका राहते. एकदा ती शंका बसली की पुढचा प्रत्येक निर्णय भांडणाचा होतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत सोप्या कामाचा डीसी १०, मध्यम १५, अवघड २० आणि फारच अवघड २५ असतो. पात्राचा मॉडिफायर, म्हणजे डी२० वर पडलेल्या आकड्यात मिळवायची भर, +५ असेल तर डीसी १५ साठी फाशावर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे शक्यता ५५ टक्के. ॲडव्हांटेज दिलं, म्हणजे दोन डी२० टाकून मोठा आकडा घेतला, तर ती सुमारे ८० टक्क्यांवर जाते. डिसॲडव्हांटेजने, म्हणजे दोनांतला लहान आकडा घेतला तर, ३० वर येते. त्यामुळे खेळाडूने चांगली युक्ती काढली आणि तिला पुस्तकात नेमका नियम सापडत नसेल, तर ॲडव्हांटेज देऊन पुढे जा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

नवे जीएम इथे एक चूक हमखास करतात. भिंत चढायला एक फासा, अर्ध्यावर दुसरा, माथ्यावर तिसरा. प्रत्येक वेळी ५५ टक्के, म्हणून काम जमेलसं वाटतं. पण तिन्ही साधण्याची शक्यता १७ टक्क्यांच्या आसपास उरते. मग ‘आमचं पात्र काहीच करू शकत नाही’ अशी तक्रार येते, आणि ती खरी असते. एका कामाला एकच फासा. सगळा गट लपतछपत जात असेल तर गटाच्या चाचणीचा नियम वापरा: निम्मे किंवा जास्त यशस्वी झाले की सगळा गट यशस्वी.

आणि जिथे अपयशाने काहीच बदलत नाही तिथे फासा टाकूच नका. मागावर कुणी नाही, घाई नाही, हाताशी अवजारं आहेत, तर कुलूप उघडलं असं सांगून मोकळे व्हा.

वाद झाला तर

दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. खेळाडूने आपलं म्हणणं एकदा मांडावं. ज्याची पाळी नाही अशा कुणीतरी पुस्तकात पाहावं. दोन मिनिटांत नियम सापडला तर तो लागू, नाही सापडला तर जीएम निकाल देतो आणि खेळ पुढे जातो. निकाल वहीत एका ओळीत लिहून ठेवा. तीच परिस्थिती त्याच सत्रात पुन्हा आली तर तोच निकाल, मग तो राक्षसाच्या बाजूचा असो वा खेळाडूच्या. सत्र संपल्यावर शांतपणे पुस्तक वाचा. चुकलं असेल तर पुढच्या वेळेपासून दुरुस्ती करा, पण झालेला प्रसंग मागे फिरवू नका. अपवाद एकच: चुकीच्या निकालाने कुणाचं पात्र मेलं असेल तर ते परत द्या.

घरच्या टेबलावर वेगळीच अडचण येते. पुतण्या जीएम आणि काका खेळाडू असले की पुतण्याची जीभ अडखळते. काकांना ‘नाही’ कसं म्हणायचं? त्यासाठी पहिल्या बैठकीतच सगळ्यांदेखत ठरवा की खेळ चालू असताना शेवटचा शब्द जीएमचा. मग ‘काका, आत्ता असं धरूया, संपल्यावर पुस्तक पाहू’ एवढं म्हटलं तरी मान राखला जातो आणि निकालही राहतो.

वादाचं एक कारण आमच्या शहराचं म्हणता येईल. घरात मराठी, मित्रांत हिंदी आणि पुस्तक इंग्रजी. ‘मी एक मिनिट थांबतो’ असं कुणी सहज म्हणतो. पण लढाईतला एक राउंड म्हणजे सुमारे ६ सेकंद, मिनिट म्हणजे १० राउंड. बाकी बोला हव्या त्या भाषेत, पण टर्न (एकाची पाळी), राउंड (सगळ्यांची एकेक पाळी), ॲक्शन (पाळीतलं मुख्य काम), बोनस ॲक्शन (पाळीतलं जादा छोटं काम), सेव्ह (संकट टाळण्यासाठीचा फासा) हे शब्द आहेत तसेच ठेवा आणि जीएमने ते नेमके वापरावेत.

दुसरं कारण म्हणजे आवृत्त्यांची सरमिसळ. पाचव्या आवृत्तीचंच एकाकडे २०१४चं पुस्तक, दुसऱ्याकडे २०२४चं सुधारित. जखम भरणारं औषध पिणं २०१४ मध्ये ॲक्शन आहे, २०२४ मध्ये बोनस ॲक्शन. बेसावध गाठलेल्यांची पहिली पाळी २०१४च्या नियमांत वाया जाते, तर २०२४ मध्ये त्यांना फक्त इनिशिएटिव्हवर, म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या फाशावर, डिसॲडव्हांटेज मिळतं. दोघंही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर असतात. टेबलावर एकच आवृत्ती, आणि तिचं साल वहीच्या पहिल्या पानावर.

आणखी एक ठाम समजूत: डी२० वर २० पडले की काहीही जमतं. पुस्तकात ते हल्ल्याच्या फाशापुरतंच आहे. कौशल्याच्या चाचणीत २० पडूनही बेरीज डीसीपेक्षा कमी राहिली तर काम फसतं. तुम्हाला वेगळं हवं असेल तर घरचा नियम करा, पण खेळ सुरू होण्याआधी.

पडद्यामागचा फासा

पडदा नकाशे आणि टिपणं झाकण्यासाठी आहे. त्यामागे पडलेला आकडा गुपचूप बदलू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. पात्र वाचवण्यासाठी बदलला तरी खेळाडूंना कधी ना कधी कळतं, आणि मग त्यांच्या खऱ्या विजयांवरचाही त्यांचा विश्वास जातो. काळजी फाशाआधी घ्यायची असते. पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे बहुधा ७ हिट पॉइंट (किती इजा सोसेल तो आकडा) असतात. ऑगर या दांडगट राक्षसाचा घाव २डी८+४ (दोन डी८ची बेरीज अधिक ४), सरासरी १३. शून्यावर आणूनही उरलेली इजा पात्राच्या पूर्ण हिट पॉइंटइतकी झाली तर पात्र जागीच मरतं. म्हणजे धडधाकट जादूगारालाही १४चा एक घाव पुरे. हा हिशेब घरी करा आणि पहिल्या सत्रात ऑगर ठेवू नका. ठेवलाच तर त्याला दुसरं काहीतरी हवं असू दे: शेळ्या, वाटेचा कर, सुटकेसाठी ओलीस.

शोधकथेत हीच काळजी सुगाव्यांची घ्यावी लागते. समजा, कथा सराफ्यात घडते. दिवसा तिथे सोन्याचांदीचे व्यवहार, रात्री दुकानं मिटली की त्यांच्यापुढे खाण्याच्या गाड्या. चोरी नेमकी त्या दोन्हींच्या मधल्या तासात झाली आहे. चोर कळण्याचा एकच सुगावा ठेवलात आणि तो सापडायला डीसी १५ लावलात, तर फासा हुकताच कथा तिथेच बसते. प्रत्येक महत्त्वाच्या निष्कर्षासाठी तीन सुगावे वेगवेगळ्या जागी ठेवा, आणि त्यातला एक तरी फासा न टाकता मिळू दे. मग गाडीवाल्याशी नुसत्या गप्पा मारणाऱ्या खेळाडूलाही काहीतरी हाती लागतं.

सगळ्या खेळांत अधिकार सारखा नसतो

‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये जीएमला कीपर म्हणतात आणि कौशल्यं टक्क्यांत असतात. ६० टक्के कौशल्य असेल तर साध्या कामाला ६० किंवा कमी, अवघडला ३०, अतिअवघडला १२. हुकलेला फासा खेळाडू पुन्हा मागू शकतो, पण आता वेगळं काय करतो ते त्याने सांगायचं आणि पुन्हा हुकल्यास होणारा वाईट परिणाम सोसायचा. ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’मध्ये जीएम फासे टाकतच नाही. खेळाडू दोन डी६ टाकतो: १० किंवा जास्त म्हणजे पुरतं यश, ७ ते ९ म्हणजे किंमत मोजून यश, ६ किंवा कमी आल्यास जीएमची चाल. जीएमने काय करायचं याचेही तिथे नियम आहेत आणि ते त्याला बांधतात. ‘फियास्को’त तर जीएमच नाही. त्यामुळे एका खेळाची सवय दुसऱ्यावर लादू नका. नव्या पेटीतला जीएमचा भाग आधी वाचा.

पहिली बैठक

पात्रं बनवण्याआधी अर्धा-पाऊण तास नुसतं बोला. कथा भीतीची की साहसाची, पात्र मरू शकतं का, कोणते विषय नकोत, किती वाजता उठायचं. लहान मुलं असतील तर हे टाळूच नका. टेबलाच्या मधोमध एक्स लिहिलेलं कार्ड ठेवा. ही पद्धत जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांची. कुणीही कार्डाला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. इथे जीएमचा शेवटचा शब्द चालत नाही, आणि तसंच असायला हवं.

पुस्तकाच्या झेरॉक्स काढू नका. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहेत आणि शिकण्यापुरते ते पुरतात. एखादा वाद घरी सुटलाच नाही तर दुकानात या. येताना वही आणा आणि चार गोष्टी तयार ठेवा: खेळाची आवृत्ती, पानाचा क्रमांक, फासा टाकण्याआधी जीएम काय म्हणाला होता, आणि फाशावर काय पडलं.