लग्नातली गाणी आणि परवान्याची नोटीस : पार्श्वभूमी

सोलापुरातल्या मंगल कार्यालयाला गाण्यांच्या परवान्याची नोटीस आली, की पुढच्या बुकिंगच्या करारात एक ओळ वाढते: परवान्याची जबाबदारी यजमानाची. कार्यालयवाल्यांची भीती अगदीच निराधार नाही. नफ्यासाठी जागा वापरू देणाराही कॉपीराइट कायद्याच्या कलम 51 खाली अडकू शकतो. मात्र वधूपित्याने लगेच पैसे भरावेत, असा त्याचा अर्थ होत नाही.

1957 चा हा कायदा गाण्यातले शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे धरतो. म्हणून एकाच गाण्यासाठी दोन ठिकाणांहून मागणी येते. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांच्या हक्कांबाबत निर्मात्यांच्या बाजूने कौल दिला. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना थिएटरबाहेरच्या वापरात समान वाटा मिळवून दिला. हा वाटा न्याय्यच आहे. पण तो लग्नघरातून वसूल करायचा का, हा प्रश्न निराळा.

त्याचे उत्तर 1994 च्या दुरुस्तीत आहे. ती 10 मे 1995 पासून लागू झाली. कलम 52(1)(झेडए) नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गाणे सादर केले किंवा ध्वनिमुद्रण वाजवले, तर हक्कभंग होत नाही. धार्मिक विधीत लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभ येतात, असे स्पष्टीकरणही तिथेच जोडले आहे. हळद, संगीत, रिसेप्शन यात बसतात, असे आमचे ठाम मत आहे. हक्कदार म्हणतात, हॉटेल आणि पैसे घेणारा डीजे आला की कार्यक्रम व्यावसायिक झाला. पण त्याच कलमातल्या हौशी मंडळांच्या सवलतीत 'पैसे न देणारा प्रेक्षक' ही अट शब्दांत लिहिली आहे. लग्नाच्या सवलतीत तशी अट नाही. संसदेला ती हवी असती, तर इथेही लिहिली असती.

लग्नात गाणी वाजवायला परवाना लागत नाही, हेच सांगणारी सूचना केंद्राने 2019 मध्ये काढली. 2022 मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ती रद्द केली. 24 जुलै 2023 ला केंद्राने पुन्हा सूचना काढली. जानेवारी 2024 मधले गोवा सरकारचे तशाच आशयाचे परिपत्रक ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले. रद्द झाले ते परिपत्रक. कलम जागेवर आहे. 'कोर्टाने लग्नाची सूट काढली' असे नोटीस घेऊन येणारा सांगत असेल, तर ते खोटे आहे.

परवाना देण्याचा अधिकार कोणाचा, यावरही तंटा आहे. मालक किंवा हक्क लिहून घेतलेली कंपनी, हक्कदारांच्या वतीने परवाने देणारी नोंदणीकृत सोसायटी नसली तरी, थेट परवाना देऊ शकते, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल 2025 मध्ये वेगळी भूमिका घेतली. सोलापूरला मुंबईचा निकाल लागू. म्हणून नोटीस आली की हक्क लिहून दिल्याचा दस्त आणि गाण्यांची यादी लेखी मागावी. इथल्या एका वरातीत मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू अशी चारही भाषांतली गाणी वाजतात. त्या सगळ्यांचे हक्क एकाकडे असणे अवघड.

सवलतीला मर्यादाही आहे. तिच्या शब्दांत ध्वनिमुद्रण आहे, चित्रपट नाही. एलईडी वॉलवर गाण्याचा मूळ व्हिडिओ लावला, तर ही ढाल पुरत नाही. लग्नाची फिल्म यूट्यूबवर चढवली, की तो समारंभाचा भाग उरत नाही. तिथे पार्श्वसंगीतावर दावा आला तर गाणे बदलावे किंवा आधीच परवान्याचे संगीत घ्यावे.