धूर शेजारचा, करार सरकारचा

अमेरिकेत भाड्याचं घर रिकामं झालं की पुढचा भाडेकरू यायच्या आत रंगारी येतो. आधीचा माणूस वीस वर्षं सिगारेटी ओढत राहिला असेल, तर त्याचं काम वाढतं. भिंती चहाच्या रंगावर गेलेल्या असतात, कॅलेंडर उतरवलं की मागे पांढरा चौकोन दिसतो. वरून नुसता रंग मारला तर डाग पुन्हा वर येतात. म्हणून आधी चिकट थर धुवायचा, मग डाग दाबणारा प्रायमर, मग रंग. कार्पेट तर बहुधा फेकूनच द्यावं लागतं. तिथल्या सरकारी घरांतल्या धूम्रपानबंदीची गोष्ट फुफ्फुसांपासून सांगायची पद्धत आहे, पण तिच्यात हा रंगाऱ्याचा हिशोबही आहे.

सरकारी घरं म्हणजे 1937 च्या गृहनिर्माण कायद्यातून उभी राहिलेली, केंद्राच्या पैशावर स्थानिक प्राधिकरणांनी चालवलेली घरं. भाडं साधारण उत्पन्नाच्या 30 टक्के. वर देखरेख ठेवतं ते गृहनिर्माण आणि नगरविकास खातं. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार तिकडे ‘हड’ असा होतो; मराठी कानाला तो कुत्रं हाकलल्यासारखा वाटला तर दोष खात्याचा नाही. लक्षात ठेवायचं ते इतकंच, की इथे घरमालक सरकार आहे आणि राहणारा मालक नसून भाडेकरू आहे. पुढचं सगळं या नात्यातून घडलं.

शेजारच्या धुराचा त्रास मात्र गरीब-श्रीमंत पाहत नाही. प्लगच्या खोक्यांतून, पाण्याच्या नळाभोवतालच्या फटींतून, बाथरूमच्या डक्टमधून, दाराखालून धूर वाट काढतो. हिवाळ्यात इमारतीतली गरम हवा वर चढते, तेव्हा खालच्या मजल्यावरची सिगारेट वरच्याच्या स्वयंपाकघरात पोचते. पंखे आणि फिल्टर लावून हे थांबत नाही, हे वातानुकूलन अभियंत्यांच्या तिथल्या संघटनेनं 2005 मध्येच सांगून टाकलं होतं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे जनतेला आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सरकारी डॉक्टरचा, अहवाल आला: दुसऱ्याच्या धुराची ‘इतका चालेल’ अशी कोणतीही सुरक्षित पातळी नाही. तोवर वाद हॉटेलं, बार आणि कचेऱ्यांपुरता होता. या अहवालानंतर घराचं दार त्यातून वगळणं अवघड झालं.

तरी दार पहिल्यांदा ठोठावलं ते वॉशिंग्टननं नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला बेलमाँट नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या बॉनी ब्रे टेरेस या वृद्धांसाठीच्या अनुदानित संकुलातले रहिवासी शेजाऱ्यांच्या धुराची तक्रार घेऊन थेट नगर परिषदेकडे गेले. ऑक्टोबर 2007 मध्ये परिषदेनं नियम केला: ज्या अपार्टमेंटची जमीन किंवा छत दुसऱ्याशी सामाईक आहे, तिथे घराच्या आतही धूम्रपान नाही. जानेवारी 2009 मध्ये तो अमलात आला. ‘गरिबांवर वरून लादलेली बंदी’ असं जे सरसकट म्हटलं जातं, त्यात ही म्हातारी माणसं बसत नाहीत. मागणी त्यांची होती. धुराला कंटाळून दुसरीकडे घर घ्यायची ऐपत नसलेल्यांचीच ती असणार.

जुलै 2009 मध्ये ‘हड’नं प्राधिकरणांना पत्रक काढलं, पण भाषा सल्ल्याची होती: धूम्रपानमुक्त धोरण आणावं, अशी जोरदार शिफारस. काहींनी ती मनावर घेतली. बॉस्टननं 2012 मध्ये आपली सगळी घरं धूम्रपानमुक्त केली. सक्तीचा मसुदा नोव्हेंबर 2015 मध्ये आला, तेव्हा खात्याचे मंत्री होते हुलियान कास्त्रो. हजारावर हरकती आणि सूचना आल्या. अंतिम नियम 2016 च्या अखेरीस जाहीर झाला आणि जुलै 2018 च्या शेवटापर्यंत देशभर लागू करायचा होता. तोवर सहाशेच्या वर प्राधिकरणं स्वतःहून बंदी आणून बसली होती. उरलेली सुमारे 9 लाख 40 हजार घरं नियमानं त्यात आणली.

नियम मोजका आहे. सिगारेट, सिगार, पाइप, हुक्का, म्हणजे तंबाखू पेटवणारं काहीही घरात नाही, जिन्यात नाही, इमारतीपासून 25 फुटांच्या आत नाही. ई-सिगारेटचं काय ते प्राधिकरणानं ठरवावं. ज्यांना सरकार भाड्याचं व्हाउचर देतं पण घर खासगी मालकाचं असतं, त्यांना हा नियम नाही. इथे रंगारी पुन्हा येतो. खात्यानं दाखवलेल्या वर्षाच्या 15 कोटी 30 लाख डॉलरच्या बचतीत आरोग्याचे 9 कोटी 40 लाख होते, आगींचे 1 कोटी 60 लाख, आणि घरं पुन्हा राहती करण्याचे 4 कोटी 30 लाख. भिंती आगींपेक्षा महाग पडत होत्या.

कागदावर हे सगळं भाडेकरारातल्या एका कलमानं झालं. सिगारेट ओढणं गुन्हा ठरवायची गरजच पडली नाही. पण सरकारी घरांतल्या लोकांना करारातल्या कलमाची धास्ती का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. 1996 मध्ये क्लिंटन सरकारनं अमली पदार्थांबाबत ‘एक चूक की बाहेर’ असं धोरण आणलं. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रकर खटल्यात निकाल दिला, की घरातल्या कुणी किंवा पाहुण्यानं अमली पदार्थांचा गुन्हा केला, तर त्याची कल्पना नसलेल्या भाडेकरूलाही घराबाहेर काढता येतं. ही आठवण ताजी असलेल्यांना ‘आधी ताकीद, घराबाहेर काढणं अगदी शेवटचा उपाय’ हे खात्याचं आश्वासन कितपत पटावं?

न्यूयॉर्कमध्ये तर मुहूर्तच वाईट लागला. तिथलं गृहनिर्माण प्राधिकरण देशात सर्वांत मोठं, तेव्हा सुमारे 4 लाख रहिवासी. 2017-18 च्या हिवाळ्यात त्यातल्या जवळजवळ 80 टक्के लोकांच्या घरातलं हीटिंग कधी ना कधी बंद पडलं होतं. जून 2018 मध्ये शिशाचा रंग, बुरशी आणि बंद बॉयलर यांवरून केंद्राच्याच वकिलांनी प्राधिकरणाविरुद्ध न्यायालयात तक्रार दाखल केली. आणि जुलैअखेर त्याच घरांच्या दारावर धूम्रपानबंदीचं पत्रक चिकटलं. लिफ्ट बंद असताना गुडघे गेलेल्या बाईनं सिगारेटीसाठी चौदा मजले उतरून 25 फूट चालायचं, हा व्यवहार तिला कसा समजावणार? माझ्या मते बंदी चुकीची नव्हती. भाडेकरूनं करार पाळायचा आणि मालकानं मात्र आपली बाजू मोडायची, हे चुकीचं होतं.

धूम्रपान करणाऱ्यांच्या छळाविरुद्ध लढणारी न्यूयॉर्कची एक संघटना आणि काही रहिवासी कोर्टात गेले. घराच्या आतल्या खासगीपणावर घाला, केंद्राचा अधिकारभंग, असे मुद्दे होते. 2020 मध्ये जिल्हा न्यायालयानं आणि 2022 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं ते फेटाळले.

याच धुराला सिंगापूरमध्ये वेगळं उत्तर मिळालं. तिथे बहुतांश लोकसंख्या सरकारनं बांधलेल्या घरांत राहते, पण ती घरं 99 वर्षांच्या लीजवर विकलेली. 2013 मध्ये मार्गिका, जिने, इमारतीखालची मोकळी जागा इथे बंदी आली. ऑक्टोबर 2020 मध्ये खासदार लुई इंग यांनी खिडकी आणि गॅलरीतल्या धूम्रपानावरही बंदी मागितली, तेव्हा सरकारनं नकार दिला. कारण: घराच्या आत डोकावावं लागेल.

आपल्याकडचा धागाही घराच्या दाराशी येऊन थांबतो. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 2 नोव्हेंबर 2001 रोजी सार्वजनिक जागांतलं धूम्रपान थांबवायला सांगितलं. 2003 चा कायदा आला, 2 ऑक्टोबर 2008 पासून कडक नियम आले, दंड 200 रुपयांपर्यंत. घराचा आतला भाग त्यात नाही. आणि म्हाडाची सोडत असो की झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत, राहणारा बहुधा मालक असतो. ज्यात एक कलम घालून बंदी आणता येईल असा सरकारचा भाडेकरार तिथे नसतोच. वरच्या मजल्यावर धूर येतो तेव्हा सोसायटीच्या सभेत तावातावानं बोलणं होतं, इतिवृत्तात दोन ओळी लिहिल्या जातात, आणि खालच्या गॅलरीत संध्याकाळी पुन्हा काडी पेटते.