'डचमन'ची खाण: नकाशाआधी दगड पाहा

ॲरिझोनाच्या वाळवंटात, सुपरस्टिशन डोंगरांत, एका 'डचमन'ची सोन्याची खाण दडली आहे आणि जुना नकाशा जुळला की ती सापडते, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय.

आधी नाव. हा गृहस्थ डच नव्हता, जर्मन होता. त्या काळी अमेरिकेत जर्मनांनाही 'डच' म्हणत. तो 1891मध्ये फिनिक्सला वारला. खाणीच्या खुणा पसरल्या त्या मुख्यतः त्याच्यामागे, इतरांच्या तोंडून. नकाशे तर इतके निघाले की एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

आता दगड. हे डोंगर मुख्यतः ज्वालामुखीच्या राखेचे आणि लाव्ह्याचे. सोन्याच्या शिरेची (दगडातल्या सोन्याच्या पट्ट्याची) लक्षणं तिथे फारशी नाहीत. गंमत म्हणजे पश्चिमेच्या पायथ्याशी, गोल्डफील्डला, 1890च्या दशकात खरंच सोनं निघालं. कारण तिथला दगड वेगळा, जुना ग्रॅनाइट आहे. दंतकथेला बळ बहुधा इथूनच मिळालं, त्यामुळे विश्वास ठेवणाऱ्याला खुळा कसं म्हणायचं?

पडताळायला त्या भागाचा भूगर्भीय नकाशा इंटरनेटवर मोफत मिळतो. त्यात दगडाच्या प्रत्येक प्रकाराला वेगळा रंग असतो; गोल्डफील्ड आणि डोंगर यांचे रंग ताडून पाहा. या डोंगरांतल्या संरक्षित रानात 1984पासून खाणीसाठी जमिनीवर नवा हक्काचा दावाही लावता येत नाही. उन्हाळ्यात पारा 40 अंशांपार जातो, आणि खाण शोधायला गेलेली माणसं तिथे खरोखर मेली आहेत.