पापनिवेदन आणि शाळेची शिस्त : एका जुन्या नात्याची पार्श्वभूमी

बऱ्याच कॅथलिक शाळांमध्ये नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात समेटविधी ठेवतात. मुले एकत्र बसून प्रार्थना करतात, बायबलमधला एखादा उतारा ऐकतात, मनातल्या मनात स्वतःची झडती घेतात आणि मग एकेक करून धर्मगुरूंपाशी जाऊन पापनिवेदन करतात. प्रार्थना सगळ्यांची, कबुली मात्र ज्याची त्याची. हे फार जुने वाटत असले तरी विधीचा हा साचा १९७३ सालचा आहे. त्याआधी पापक्षमेचे रूप अनेकदा पालटले आहे.

पहिल्या काही शतकांत धर्मत्याग, खून, व्यभिचार अशा घोर पापांसाठी प्रायश्चित्त चारचौघांत होई आणि तेही आयुष्यात एकदाच. पश्चात्तापी माणसे वेगळ्या गटात उभी राहत, त्यांना ख्रिस्तप्रसाद (उपासनेत दिली जाणारी पवित्र भाकर) मिळत नसे, आणि बिशप त्यांना पुन्हा मंडळीत घेत. २५० च्या सुमारास सम्राट डेशियसच्या छळाला घाबरून अनेकांनी रोमन देवांपुढे धूप जाळला. छळ ओसरल्यावर ही माणसे परतली, तेव्हा त्यांना घ्यायचे की नाही यावरून चर्चमध्ये फूट पडली. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी मधला मार्ग काढला: दार बंद करायचे नाही, पण प्रायश्चित्ताशिवाय उघडायचेही नाही. शाळेतून काढलेल्या मुलाला परत घ्यावे का, या शिक्षकांच्या वादातही हेच दोन पक्ष असतात.

खासगी आणि पुन्हा पुन्हा करता येणारे पापनिवेदन आयर्लंडच्या मठांतून आले. सहाव्या शतकाच्या अखेरीस कोलंबानससारख्या संन्याशांनी ते युरोपच्या मुख्य भूमीवर नेले. स्पेनमधील टोलेडोच्या धर्मसभेने ५८९ मध्ये अशा वारंवार पापक्षमेचा निषेध केला, पण लोकांनी तीच पद्धत उचलली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने तर वर्षातून एकदा पापनिवेदन बंधनकारक केले आणि गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूला कडक शिक्षा ठरवली. पापक्षमेतला समाजाचा भाग असा मागे पडत गेला. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमियो यांनी जाळीच्या पापनिवेदन-कक्षाचा आग्रह धरला, तेव्हा या खासगीपणाला लाकडी भिंतीही मिळाल्या.

त्याच शतकात शाळा या कथेत शिरते. येशूसंघाने (जेझुइट संन्याशांच्या संघाने) १५४८ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे बाहेरच्या मुलांसाठी कॉलेज काढले. १५९९ च्या त्यांच्या अभ्यासक्रम-नियमांत विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा तरी पापनिवेदन करावे असे सांगितले आहे. सोय झाली, तसा धोकाही आला. जो शिकवतो, शिक्षा देतो, गुण देतो, त्याच्याच कानाशी मुलाने आपली चूक सांगायची?

एकोणिसाव्या शतकात तुरिन येथे अनाथ आणि कामकरी मुलांमध्ये राहणाऱ्या डॉन बॉस्को यांनी १८७७ मध्ये आपली ‘प्रतिबंधक पद्धत’ लिहून काढली. विवेक, धर्म आणि प्रेमळपणा हे तिचे तीन आधार. वारंवार पापनिवेदन त्यांना हवेच होते, पण मुलांवर त्याची सक्ती कधीही करू नये, असे त्यांनी बजावले. माझ्या मते शाळेच्या दृष्टीने हे वाक्य त्यांच्या बाकीच्या पद्धतीहून मोलाचे आहे. सक्तीने रांगेत उभे केलेले मूल क्षमा मागत नाही, हजेरी देते.

चर्चच्या कायद्यानेही ही जागा ओळखली. १९१७ च्या आणि नंतर १९८३ च्या धर्मसंहितेत शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाने आपल्याच वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन ऐकू नये असा नियम आहे. विद्यार्थ्याने एखाद्या वेळी आपणहून मागणी केली तरच अपवाद. अधिकारपदावरच्या माणसाने पापनिवेदनात कळलेली गोष्ट कारभारात वापरायची नाही, हेही त्यात आहे. म्हणूनच समेटविधीला बहुधा बाहेरचे धर्मगुरू बोलावतात.

दरम्यान मुलांचे वय खाली आले होते. पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी कित्येक ठिकाणी दहा-बारा वर्षे थांबावे लागे. पोप पायस दहावे यांनी १९१० मध्ये विवेकाचे, म्हणजे बरे-वाईट कळण्याचे, वय सुमारे सात ठरवले, आणि पहिले पापनिवेदन प्राथमिक शाळेत आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, पापाने चर्चच्या समाजालाही जखम होते, म्हणून समेट समाजाशीही होतो, यावर भर दिला. त्यातूनच १९७३ चा नवा विधी आला. याच परिषदेच्या शिक्षणावरील १९६५ च्या जाहीरनाम्याने शाळा म्हणजे स्वातंत्र्य आणि प्रेमाच्या वातावरणातला समाज असावा, असे म्हटले.

हे वाचायला छान आहे. पण कॅनडातील निवासी शाळांमध्ये, ज्यांतल्या पुष्कळ कॅथलिक संस्था चालवत, सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरापासून आणि भाषेपासून तोडले गेले. तिथल्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये पोपच्या माफीची मागणी केली. पोप फ्रान्सिस यांनी ती २०२२ मध्ये अल्बर्टातील मास्क्वासिस येथे जाऊन मागितली. इथे कबुली मुलांची नव्हती, संस्थेची होती.

आजच्या शाळांत आणखी एक पद्धत शेजारी आली आहे. मारामारी वा छळवणूक झाली की संबंधित मुले, शिक्षक आणि पालक गोलात बसतात. काय झाले, कोणाला काय सोसावे लागले, आता भरपाई कशी, हे बोलतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या शाळांत १९९४ पासून असे प्रयोग झाले आणि ही वाट धार्मिक नाही. कॅथलिक नसलेली मुलेही त्यात बसू शकतात, हा तिचा मोठा फायदा. पण गोलात सांगितलेले गुपित राहीलच असे नाही. इजा वा अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर शिक्षकाला ती वर कळवावीच लागते. पापनिवेदनाची गुप्तता मात्र चर्चच्या दृष्टीने कोणत्याही कारणाने मोडता येत नाही. बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१७ मध्ये पापनिवेदनात कळलेला अत्याचार न कळवण्याची धर्मगुरूंना सूट नको असे सुचवले. त्यानंतर २०१९ मध्ये व्हिक्टोरिया आणि २०२० मध्ये क्वीन्सलँड या राज्यांनी तसे कायदे केले, आणि तिथल्या बिशपांनी त्यांना विरोध केला.