इजिप्तमध्ये सरकारी नोकरीची ओढ एवढी का?

अरब देशांतल्या लोकांना मेहनत नको, स्पर्धा नको, सगळं सरकारने द्यावं असं वाटतं, हे आपल्याकडे कितीतरी लोक अगदी ठामपणे बोलतात. मला हे अजिबात पटत नाही. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे नावाची जगभरची पाहणी आहे, त्यात लोकांना १ ते १० ची पट्टी देतात, एका टोकाला 'स्पर्धा चांगली, माणूस कष्ट करतो', दुसऱ्या टोकाला 'स्पर्धा घातक', आणि मग तशीच दुसरी पट्टी, सगळ्यांच्या पोटापाण्याची जबाबदारी सरकारची की ज्याची त्याची. इजिप्तमध्ये काम आयुष्यात फार महत्त्वाचं म्हणणारे प्रचंड आहेत, आणि स्पर्धा हवी पण सरकारनेही बघावं असं एकाच वेळी म्हणणारेही भरपूर. हा गोंधळ नाहीये, त्यामागे अनुभव आहे.

इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या काळात १९६४ ला कायदाच झाला, की ग्रॅज्युएट झालात तर सरकार नोकरी देणार. मग घरोघरी पोरं शिकली, पोरीही शिकल्या, पण जागा तेवढ्या कुठून येणार? यादीत नाव लागायचं आणि वाट बघायची, १९९० च्या दशकात तर ही वाट दहा वर्षांच्या पुढे गेली. नवीन भरती जवळपास थांबली तरी लोकांची ओढ काही कमी झाली नाही.

कारण बाहेर काय मिळतं ते बघा ना. खासगीत बहुतेक नोकऱ्या बिनकराराच्या, विमा नाही, पेन्शन नाही, मालकाने उद्या येऊ नको म्हटलं की संपलं. चांगली जागा निघालीच तर वास्ता लागतो, म्हणजे वशिला, आणि अरब बॅरोमीटर या अरब देशांतल्या लोकांची मतं विचारणाऱ्या पाहण्यांमध्येही नोकरीला वास्ता लागतोच असं म्हणणारे देशोदेशी खूप सापडतात.

बायकांचं बघितलं की हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. इजिप्तमध्ये १९९८ पासून त्याच त्याच कुटुंबांकडे काही वर्षांनी परत जाऊन नोकरीची माहिती घेणारी एक मोठी पाहणी चालू आहे, त्यातून दिसलं की खासगीत असलेल्या बऱ्याच मुली लग्न झालं की नोकरी सोडतात आणि सरकारीतल्या बहुतेक जणी टिकतात. सरकारीत दुपारी सुटता येतं, बाळंतपणाची रजा मिळते, परत आल्यावर जागा असते. खासगीत तास लांब, प्रवास लांब, आणि घरचं सगळं काम तिच्यावरच. आता अशा मुलीने सरकारी नोकरीची वाट बघत घरी बसणं पसंत केलं तर तिला आळशी म्हणणं हा सरळ अन्याय आहे, तिने हिशेब अगदी बरोबर केलाय.

२०११ च्या सरकारविरोधी उठावात कैरोच्या तहरीर चौकात भाकरी, स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय मागितला गेला. त्यानंतर कामगारांच्या आंदोलनांत एक मागणी सारखी येत राहिली, टेम्पररी लोकांना परमनंट करा, आणि सरकारने बऱ्याच जणांना केलंसुद्धा.