ग्रामपंचायतीचा वार्षिक अहवाल : मराठवाड्यातील पार्श्वभूमी

सरत्या आर्थिक वर्षात ग्रामपंचायतीने काय केले, किती रक्कम जमा झाली आणि ती कशावर खर्च पडली, हे गावापुढे मांडण्याचे बंधन आजचे नाही. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या आठव्या कलमानुसार वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षात करावयाची कामे आणि लेखापरीक्षणातील शेरे व त्यांना दिलेली उत्तरे ठेवावी लागतात. प्रघाताप्रमाणे ही सभा १ मे रोजी किंवा त्याच्या आसपास होते. प्रशासन अहवाल वाचून दाखविला जातो, क्वचित एखादा प्रश्न येतो आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ अशी नोंद पडते. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र ग्रामपंचायतीच्या कामाचे मोजमाप या सभेबाहेर, निरनिराळ्या ठिकाणी होऊ लागले, आणि सध्या वार्षिक कामगिरीविषयी जे वाद ऐकू येतात त्यांचे मूळ बहुतांशी या स्थलांतरात आहे.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर उत्तरदायित्वाची दिशा मुळातच वरच्या बाजूची होती. निजामी राजवटीत मालीपाटील (महसूल पाहणारा पाटील), पोलीस पाटील आणि पटवारी हे गावाचा हिशेब तहसिलीला देत. गावाला हिशेब देण्याची व्यवस्था नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, पुढच्या वर्षी जहागिरी रद्द झाल्या आणि हैदराबाद राज्याने पंचायतींचे स्वतःचे कायदे केले. त्यांपैकी १९५६ चा कायदा रुजण्यापूर्वीच त्या वर्षीच्या नोव्हेंबरात हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९५८ च्या अधिनियमाने वेगवेगळ्या प्रदेशांतील पंचायत कायदे एका छत्राखाली आणले आणि मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. त्यानंतरची तीस वर्षे या प्रदेशातील ग्रामपंचायत ही दिवाबत्ती, हातपंप आणि दाखल्यांची कचेरी होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. १९७२ च्या दुष्काळात लाखो हात कामावर आले, पण कामे काढणारी आणि मजुरी वाटणारी यंत्रणा ग्रामपंचायतीची नव्हती.

१९९३ हे वर्ष येथे दोन कारणांनी लक्षात राहते. एप्रिलमध्ये पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. घटनादुरुस्तीने पाच वर्षांची मुदत, महिलांसाठी राखीव जागा (महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या) आणि अकराव्या अनुसूचीतील २९ विषय दिले. भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील अनेक गावे नव्या जागी वसविली. ही गावे ऐसपैस बांधली गेली : रुंद रस्ते, अंतरावरची घरे, लांबच लांब जलवाहिन्या. ती बांधणाऱ्या यंत्रणा काही वर्षांत निघून गेल्या आणि एवढ्या पसाऱ्याची देखभाल पूर्वीइतकेच उत्पन्न असलेल्या ग्रामपंचायतींच्या गळ्यात पडली. नवी सेवा उभी करणारा एक आणि ती चालविणारा दुसरा, हा पेच तेव्हापासून मराठवाड्याला परिचित आहे.

गावाला गुण देण्याची पद्धत २००० नंतर आली. ग्रामस्वच्छता अभियान, २००७ मधील तंटामुक्त गाव मोहीम, २०१० ची पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना, २०१६ पासूनचे स्मार्ट ग्राम अशा स्पर्धांनी तपासणी पथक, गुणपत्रिका आणि बक्षीस हे तीन घटक गावच्या व्यवहारात आणले. त्यांतून चांगली कामे झाली हे मान्य केले पाहिजे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाने कर भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत देऊन वसुली आणि सेवा यांची सांगड घातली, तिची चर्चा राज्यभर झाली. मात्र पथक येण्याच्या आदल्या आठवड्यात रंगणाऱ्या भिंतीही याच काळातल्या आहेत.

खरी उलथापालथ २०१५ मध्ये झाली. चौदाव्या वित्त आयोगाचा ग्रामीण भागासाठीचा निधी जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांना वगळून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागला. त्याच वर्षी ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने गावाचा विकास आराखडा करण्याचा उपक्रम सुरू झाला. या निधीतील दहा टक्के हिस्सा कामगिरीवर अवलंबून होता आणि त्यासाठी लेखापरीक्षण झालेले हिशेब व स्वउत्पन्नातील वाढ या दोन गोष्टी दाखवाव्या लागत. पंधराव्या वित्त आयोगाने निधीचे वाटप तिन्ही स्तरांवर केले, त्यात महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींकडे ऐंशी टक्के राहिले, आणि आयोगाने २०२१-२२ पासून साठ टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांनाच बांधून टाकली. हिशेब ऑनलाइन उपलब्ध असणे ही पूर्वअट झाली आणि देयके सरपंच व ग्रामसेवक यांच्या डिजिटल स्वाक्षरीने, म्हणजे गावच्या भाषेत ‘डोंगल’ने, निघू लागली. वर्ष कसे गेले याचा निर्णायक पुरावा आता १ मेच्या सभेतील अहवाल नव्हे, तर संगणकावरील नोंद ठरू लागली.

पैसा थेट आला, तेव्हा तो कोणाच्या सहीने खर्च व्हावा याला महत्त्व आले, आणि येथूनच गेल्या दशकातील सर्वांत वादग्रस्त निर्णय सुरू होतो. सुरुवातीपासून सरपंचाची निवड सदस्यांमधून होत असे. जुलै २०१७ मध्ये सरपंच थेट मतदारांतून निवडण्याचा निर्णय झाला. १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्या उमेदवारासाठी सातवी उत्तीर्ण ही अट आली. अविश्वास ठरावाला पहिली दोन वर्षे मज्जाव आणि त्यानंतर तीन-चतुर्थांश सदस्यांसह ग्रामसभेचीही संमती, अशी तटबंदी उभी राहिली. २०२० मध्ये, सत्तांतरानंतर, तो निर्णय रद्द झाला. जुलै २०२२ मध्ये, पुन्हा सत्तांतरानंतर, तो परत आला. पाच वर्षांत तीनदा नियम बदलल्यामुळे एकाच तालुक्यात २०१७ चे थेट निवडलेले, २०२१ चे सदस्यांनी निवडलेले आणि २०२२ नंतरचे पुन्हा थेट निवडलेले सरपंच अशी विचित्र सरमिसळ दिसू लागली.

थेट निवडीच्या बाजूने सांगितला जाणारा मुद्दा पोकळ नाही. निकालानंतर सदस्यांना ‘सहलीवर’ नेणे, अडीच-अडीच वर्षांचे तोंडी करार आणि त्यावरून होणारे अविश्वास ठराव यांत गावाचे बरेच वर्ष वाया जात असे. विरोधी मुद्दाही तितकाच खरा आहे : सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचे, अशी स्थिती आली की मासिक सभा गणपूर्तीअभावी तहकूब होतात, देयकांना मंजुरी मिळत नाही आणि मार्चअखेरीस बांधील निधी तसाच शिल्लक राहतो. अशा गावाच्या अहवालात ‘अखर्चित’ हा रकाना सर्वांत मोठा असतो आणि त्याचे कारण लिहायला छापील नमुन्यात जागा नसते. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत आणखी एक गुंता झाला. सरपंचपदाची आरक्षण सोडत त्या वेळी मतदानानंतर काढण्यात आली, त्यामुळे काही ठिकाणी ज्या प्रवर्गाला पद गेले त्या प्रवर्गाचा सदस्यच निवडून आलेला नव्हता.

या सगळ्या वादात दोन्ही बाजूंनी सरपंच कोणाला उत्तरदायी आहे याचीच चर्चा केली. उत्तर कोणत्या सभेत, कोणत्या कागदावर द्यायचे, हे कोणीही उचलून धरले नाही. थेट निवडलेल्या सरपंचाला पदावरून काढायला ग्रामसभेची संमती लागते, पण त्याने मांडलेला प्रशासन अहवाल ग्रामसभेने फेटाळला तर पुढे काय, याचे उत्तर तिन्ही फेरबदलांत कोठेही आढळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते मूळ उणीव ही आहे, आणि निवडीच्या पद्धतीवर गेलेली पाच वर्षे तिला झाकून गेली.

सभेच्या बाबतीत मराठवाड्याची एक अडचण राज्यस्तरीय परिपत्रकांच्या नजरेतून सातत्याने सुटते. बीड, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतील ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्यांचा गळीत हंगाम संपल्यावर, फाल्गुन-चैत्रात परततात. विकास आराखड्याची देशव्यापी मोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबरला सुरू होते आणि गावोगावचे आराखडे हिवाळ्यात मंजूर होतात. २६ जानेवारीची ग्रामसभाही याच काळात येते. तांड्यांवर आणि वस्त्यांवर त्या महिन्यांत बहुधा म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले उरतात. पुढील वर्षाची कामे ठरविताना ज्यांना रस्ता, पाणी आणि अंगणवाडी यांची सर्वाधिक गरज, तेच फडावर असतात. त्यांच्या दृष्टीने गावात असताना होणारी पहिली सभा १ मेचीच, आणि तीत पुढचे ठरत नाही, मागचे वाचले जाते. गणपूर्तीसाठी पंधरा टक्के किंवा शंभर यांपैकी कमी असेल तेवढे मतदार लागतात, आणि सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला तेवढेही लागत नाहीत. तहकूब सभेची दवंडी पुष्कळदा कोणाच्या कानावर पडत नाही, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

पाण्याविषयी अहवालात जे लिहिले जाते ते बरेचसे पावसावर अवलंबून असते. टंचाईच्या वर्षात ग्रामपंचायत टँकरसाठी किंवा विहीर अधिग्रहणासाठी ठराव करते. मंजुरी महसूल यंत्रणेकडून येते. २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात आसपासच्या ग्रामपंचायतींच्या ‘पाणीपुरवठा’ या मथळ्याखाली टँकरच्या खेपांखेरीज लिहिण्यासारखे काही नव्हते. २०१९ नंतर दरडोई दररोज ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवून घरोघरी नळ देण्याच्या योजना आल्या. नळ बसले तरी योजना ताब्यात घ्यायला अनेक पंचायती कचरतात, कारण पंपाचे वीजबिल, पंपचालकाचा पगार आणि फुटलेली जलवाहिनी हे सर्व हस्तांतरणाच्या सहीबरोबर त्यांच्याकडे येते. पथदिव्यांच्या थकबाकीवरून २०२१ मध्ये गावे अंधारात गेली, तेव्हा हीच भीती किती रास्त आहे ते दिसले. ती बिले अखेर वित्त आयोगाच्या निधीतून भरण्याचा मार्ग काढावा लागला.

येथे वसुलीचा प्रश्न येतो. घरपट्टी आणि पाणीपट्टी हेच बहुतेक पंचायतींचे स्वतःचे उत्पन्न, आणि त्यातूनच मागासवर्गीयांसाठी पंधरा, महिला व बालकल्याणासाठी दहा आणि दिव्यांगांसाठी पाच टक्के खर्च करणे अपेक्षित आहे. २०१५ च्या अखेरीस घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारण्याचा नियम आला, तरी नमुना ८ मधील आकारणी आणि नमुना ९ मधील मागणी यांत नव्या बांधकामांच्या नोंदी नेहमी उशिरानेच उतरतात. गाव ओळखीचे आणि निवडणूक जवळ असली की जप्तीची नोटीस कोण काढणार? वसुलीचा आकडा खऱ्या अर्थाने चढतो तो उमेदवारी अर्जाच्या आठवड्यात, कारण थकबाकीदाराचा अर्ज बाद होऊ शकतो. एरवी बाकी भरल्याशिवाय दाखला न देण्याचा मार्ग सर्रास वापरला जातो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने जन्म, मृत्यू व विवाह नोंदीचे दाखले आणि नमुना ८ चा उतारा ठरावीक मुदतीत देणे बंधनकारक केले, पण एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावांचा कारभार असेल तर ती मुदत बाजाराच्या दिवशी पंचायत समितीत त्याची गाठ पडते की नाही यावर ठरते. २०२४ मध्ये त्याचे पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले. त्याच्याकडील गावे कमी झाली नाहीत.

अलीकडच्या दोन घडामोडींनी बाहेरचे मोजमाप आणखी घट्ट केले आहे. शाश्वत विकासाच्या नऊ संकल्पनांवर आधारलेला पंचायत विकास निर्देशांक देशभर लागू झाला असून त्यासाठी शाळा, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी अशा विविध खात्यांची माहिती गावनिहाय भरावी लागते. यांतील पुष्कळ बाबींवर ग्रामपंचायतीचे नियंत्रण नाही. राज्यातील समृद्ध पंचायतराज अभियानाचा आरंभ १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झाला आणि त्यातही गुण, तपासणी व बक्षिसे ही जुनीच चौकट आहे. अभियानाची मूळ मुदत डिसेंबरअखेरपर्यंत होती. त्या सप्टेंबरातच अतिवृष्टीने मराठवाड्यातील शेते आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या, त्यामुळे अनेक गावांत पहिले काही आठवडे पंचनामे आणि मदतीच्या याद्या यांतच गेले. अहवालाच्या छापील नमुन्यात त्या कामासाठीही वेगळा रकाना नाही.

जानेवारी २०२१ मध्ये मतदान झालेल्या ग्रामपंचायतींची पाच वर्षांची मुदत २०२६ च्या प्रारंभी संपते. या पंचायतींचे सरपंच सदस्यांमधून निवडलेले होते; त्यांच्या जागी येणारे थेट मतदारांतून येतील. जेथे निवडणूक लांबते तेथे मधल्या काळात प्रशासक असतो, आणि २०२५-२६ चा प्रशासन अहवाल ग्रामसभेपुढे ठेवण्याची जबाबदारी, ते वर्ष ज्याने चालविलेच नाही अशा अधिकाऱ्यावर येते.