पंगत, दस्तरखान आणि पाहुण्यांसमोरचं तबक

पाहुण्यांसाठी मधोमध ठेवायचं मोठं तबक मराठवाड्यातल्या जुन्या हिंदू घरांत फारसं सापडत नाही. पंगतीला त्याची गरजच नव्हती. जेवणारा पाटावर बसून राहायचा आणि वाढपी फिरायचे: कुणाकडे भाताची परात, कुणाकडे वरणाची बादली, कुणाकडे पोळ्यांची दुरडी, चटणी-कोशिंबिरीला पंचपाळं. पानाला पळसाची पत्रावळ. ती पुरवायचं काम बलुतेदारीत गुरवाकडे असे. वाढण्याचं भांडं निवडताना एकच पाहायचे, वाकून वाढताना ते एका हातात पेललं पाहिजे.

मधोमध अन्न मांडायची रीत आली ती दस्तरखानावरून, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या चादरीवरून. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, पुढे मोगल आणि आसफजाही, म्हणजे निजामांच्या घराण्याचा, अंमल आला आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात राहिला. औरंगाबादचा नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, लोकपरंपरेत तुघलकाच्या फौजेशीच जोडला जातो. चादरीवर मधे नानचा थाळ, शेजारी खलियाचं भांडं, ज्याने त्याने आपल्या रकाबीत घ्यायचं. आज डायनिंग टेबलावर आपण जे करतो ते पंगतीपेक्षा याच्याच जवळचं आहे. म्हणून तबक आता देखणं, रुंद आणि बैठं लागतं.

देखणेपणात बिदरीला, म्हणजे बीदरच्या चांदी जडवलेल्या काळ्या धातुकामाला, तोड नाही. 1956 पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते, त्यामुळे ही कला आपल्याला परकी नाही. जस्तात थोडं तांबं घालून ओतकाम करतात, कोरलेल्या रेघांत चांदी ठोकून बसवतात आणि बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून त्यात भांडं बुडवतात. जस्त काळंभोर होतं, चांदी तशीच लखलखत राहते. पण अशा तबकात विडे द्यावेत, अत्तरदाणी ठेवावी. लिंबू पिळलेली कोशिंबीर त्यात कधीच वाढू नये, आंबटाने जस्त अन्नात उतरतं.

हे भान फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तूप लोखंडी भांड्यात, पेज चांदीच्या, फळं पानांवर आणि आंबट पातळ पदार्थ दगडी भांड्यात द्यावेत असं सांगितलंय. तांब्या-पितळेला कल्हई लागते ती याच कारणाने. कल्हईवाला भाता मारून परात तापवायचा, नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने तो एका हाताच्या फेऱ्यात सगळीकडे पसरायचा.

ही कटकट स्टीलने संपवली. 1913 मध्ये शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्लीने पोलादात क्रोमियम मिसळून न गंजणारा धातू काढला. तो आपल्या स्वयंपाकघरात पोचायला काही दशकं लागली, पण आल्यावर पितळ मोडीत निघालं. मला त्याची फार हळहळ वाटते. कल्हई करून घेणार असाल तर पुरणपोळ्या, धपाटे, भजी यांच्यासाठी आजीची पितळी परातच काढा, कोरड्या पदार्थांना ती शोभते आणि पाचसहाजणांना पुरते. दह्यातलं, चिंचेचं काही असेल तर स्टील किंवा चिनी माती. नवं घेताना काठ बोटभर उंच आणि बाहेर वळलेला बघा, भरलेलं तबक उचलताना पकड तिथेच मिळते.